चाफा, करामा आणि बारा महिन्यांची नोटीस

आजच्या भागात आपण बोलणार आहोत चाफ्याबद्दल. म्हणजे बाल्कनीतल्या कुंडीत चाफा कसा लावायचा, दुबईच्या उन्हाळ्यात तो कसा जगवायचा, सुट्टीला गावी जाताना त्याचं काय करायचं, आणि घर सोडायची वेळ आली तर त्याचं काय करायचं. शेवटचा प्रश्न आमच्या बिल्डिंगमध्ये सध्या खराखुरा उभा आहे. त्याच्याकडे मी नंतर येतो.

आधी नावाचा घोळ सोडवू. मराठीत आपण बऱ्याच झाडांना चाफा म्हणतो. सोनचाफा आणि कवठी चाफा हे एका कुळातले. हिरवा चाफा सीताफळाच्या कुळातला. नागचाफा आपल्या उंडीचा लांबचा नातेवाईक. भुईचाफा तर हळदीच्या कुळातला, जमिनीलगत फुलणारा. आणि आज ज्याच्याबद्दल बोलतोय तो साधा चाफा, म्हणजे देवळाच्या आवारातला, जाड फांद्यांचा, पांढऱ्या पाकळ्यांचा आणि पोटाशी पिवळा असलेला. कोणी त्याला खुरचाफा म्हणतं, कोणी देवचाफा. तो कण्हेरीच्या कुळातला आहे. कण्हेरीसारखाच त्यालाही पांढरा चीक असतो. वासापलीकडे या सगळ्या चाफ्यांमध्ये फारसं नातं नाही.

हा चाफा मुळात आपला नाही, हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटतं. त्याचं मूळ घर मेक्सिको, मध्य अमेरिका आणि कॅरिबियन बेटं. शास्त्रीय नाव प्लुमेरिया, ते शार्ल प्लुमिए या फ्रेंच संन्यासी वनस्पतिशास्त्रज्ञावरून आलं. हा माणूस १६४६ साली जन्मला आणि १७०४ साली वारला. निकाराग्वाचं राष्ट्रीय फूल चाफा, आणि जगाच्या दुसऱ्या टोकाला लाओसचंही राष्ट्रीय फूल चाफाच. हवाईत त्याच्या माळा घालून पाहुण्यांचं स्वागत करतात, बालीत तो रोज देवाला वाहतात.

गंमत त्याच्या नावांत आहे. अरबीत त्याला ‘यास्मीन हिंदी’ म्हणतात, म्हणजे हिंदुस्थानी जाई. करामातल्या आपल्या मल्याळी शेजाऱ्यांना विचारा, ते ‘ईळचेंबकम’ म्हणतील. ईळं म्हणजे श्रीलंका. अरबांना वाटलं हे भारतातून आलं, मल्याळ्यांना वाटलं लंकेतून आलं, आणि आपल्याला वाटतं ते आपल्याच देवळातलं. नर्सरीत पाकिस्तानी माळी भेटला तर ‘गुलचीन’ म्हणा, त्याला लगेच कळेल. इंग्रजी येणाऱ्याला फ्रँजिपनी म्हणा.

आता कामाचं बोलू.

दुबईत मुख्यतः दोन प्रकारचे चाफे दिसतात. एकाचं पान टोकदार असतं, थंडीत तो पानं गाळून उघडाबोडका होतो आणि त्यात पांढरा, पिवळा, गुलाबी, लाल असे रंग मिळतात. दुसऱ्याचं पान गडद हिरवं, चकचकीत आणि टोकाला गोल असतं. तो बहुतेक वर्षभर हिरवा राहतो आणि फूल पांढरं असतं. बाल्कनीसाठी दोन्ही चालतात. तिसरा एक प्रकार हल्ली नर्सऱ्यांत खूप दिसतो. त्याचं पान सारंगीच्या आकाराचं, फुलं पांढरीशुभ्र आणि भरपूर, पण वास जवळजवळ नाही. ज्यांना पूजेसाठी वासाचं फूल हवं आहे त्यांनी विकत घेण्याआधी पान बघावं.

झाड घ्यायला जायचं तर वरसानच्या प्लांट सूकमध्ये जा. इंटरनॅशनल सिटीच्या बाजूला ओळीने नर्सऱ्या आहेत. तिथेच माती, कुंड्या आणि शेणखताची पोती मिळतात. तिथे ‘स्वीट सँड’ नावाची वाळू मागा. ‘स्वीट’ म्हणजे खारट नसलेली. समुद्रकिनाऱ्यावरून पिशवी भरून आणलेली वाळू कुंडीत घालू नका, त्यातलं मीठ मुळांना मारतं. आपल्या नळाचं पाणी समुद्राचंच, पण क्षार काढलेलं असतं, त्यामुळे ते चाफ्याला चालतं.

पण खरं सांगायचं तर चाफा विकत घ्यायची गरजच नसते. तो फांदीवर येतो. आणि फांदीपासून केलेलं झाड म्हणजे त्याच झाडाची हुबेहूब प्रत. तेच फूल, तोच रंग, तोच वास. बीपासून केलेल्या झाडाची तशी खात्री नसते. म्हणून ज्याचं फूल आवडलं, त्याच्याकडून फांदी मागायची. मागायची म्हणतोय, तोडायची नाही. रस्त्याकडेच्या किंवा बागेतल्या झाडाला हात लावू नका, इथे ते महागात पडतं.

फांदी घ्यायचा योग्य काळ म्हणजे फेब्रुवारीचा शेवट ते एप्रिल. साधारण एक ते दीड फूट लांबीची, करड्या रंगाची, पक्की झालेली फांदी घ्या. हिरवी कोवळी फांदी कुजते. धारदार, स्वच्छ सुरीने कापा. हातमोजे घाला, कारण चीक कातडीला लागला तर खाज सुटते आणि डोळ्यात गेला तर फार त्रास होतो. घरात लहान मुलं किंवा मांजर असेल तर हे काम ती जवळ नसताना करा. पानं सगळी काढून टाका. टोकाला कळ्या असतील तर त्याही काढा. मन होत नाही, पण काढा. मुळं नसलेल्या फांदीने फुलं पोसायची म्हटलं की ती स्वतःला खात बसते.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. ही फांदी लगेच लावायची नाही. सावलीत, हवेशीर जागी दहा ते पंधरा दिवस नुसती ठेवून द्यायची. कापलेली बाजू सुकून कडक व्हायला हवी. ओली जखम मातीत गेली की ती कुजलीच म्हणून समजा. आपल्या माणसांना हे पटत नाही. फांदी हातात आली की लगेच पाण्यात ठेवायची सवय असते. चाफ्याला उलट करायचं, त्याला कोरडं ठेवायचं.

पंधरा दिवसांनी सहा ते आठ इंची कुंडी घ्या, खाली भोक हवंच. निम्मी वाळू आणि निम्मी माती किंवा कोकोपीट. फांदी तीन-चार इंच आत खोचा, बाजूला काठी लावून सैलसर बांधा, म्हणजे ती हलणार नाही. एकदा पाणी द्या, आणि मग पानं फुटेपर्यंत हात आखडता घ्या. माती अगदी कोरडी झाली तरच थोडं पाणी. मुळं धरायला साधारण दोन ते तीन महिने लागतात. या काळात फांदी उपटून मुळं आली का ते बघू नका. टोकाला पानं नीट मोठी झाली की खाली मुळं आली.

फांदी जगतेय की नाही हे ओळखायचं कसं? बोटाने दाबून बघा. कडक असेल तर ठीक. थोडी सुरकुतली पण कडक असेल तर तहानलेली आहे. मऊ, काळसर आणि दाबल्यावर आत जात असेल तर कुजली आहे. कुजलेला भाग वरपर्यंत कापून टाका. आत पांढरं, स्वच्छ लाकूड दिसेपर्यंत कापायचं आणि पुन्हा पंधरा दिवस सुकवायचं. कित्येकदा वरचा अर्धा भाग वाचतो.

आता दुबईचा उन्हाळा. चाफ्याला ऊन आवडतं, दिवसाला सहा तास ऊन मिळालं नाही तर तो फुलत नाही. म्हणून लोकांना वाटतं की इथलं ऊन त्याला सोसेल. झाडाला सोसतं, कुंडीला सोसत नाही. जमिनीतल्या झाडाची मुळं खोल थंडाव्यात असतात. काळ्या प्लास्टिकच्या कुंडीतली मुळं तापलेल्या भांड्यात असतात. म्हणून कुंडी फिक्या रंगाची किंवा मातीची घ्या. टाइल्सवर थेट ठेवू नका, खाली दोन विटा किंवा लाकडी पाट ठेवा. जमल्यास एका कुंडीत दुसरी कुंडी ठेवून मधल्या जागेत वाळू भरा.

आणि करामातल्या लोकांसाठी खास सूचना. आपल्या बाल्कन्या लहान, आणि निम्म्या बाल्कनीत एसीचं बाहेरचं युनिट बसलेलं. त्याच्या गरम वाऱ्याच्या झोतात कुंडी ठेवू नका. ४४ अंशांत तो झोत म्हणजे भट्टीच. युनिटच्या मागे किंवा बाजूला ठेवा. एसीचं जे पाणी ठिबकतं ते बादलीत धरून झाडांना घातलं तर चालतं. त्यात क्षार नसतात, तसं पोषणही काही नसतं, म्हणून खत वेगळं द्यावं लागतं. मात्र ते पाणी किंवा कुंडीचं पाणी खालच्या बाल्कनीवर टपकू देऊ नका. महापालिकेच्या नियमांत ते बसत नाही आणि शेजारधर्मातही बसत नाही. कुंडीखाली ताटली ठेवा, पण ताटलीत पाणी साचू देऊ नका.

सावलीची तारीख लक्षात ठेवायला एक सोपी खूण सांगतो. इथे १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करायला कायद्याने बंदी आहे. माणसांसाठीचा तो नियम कुंडीतल्या झाडांनाही लावा. त्या तीन महिन्यांत दुपारच्या उन्हात कुंडी नको. हिरवी जाळी लावा किंवा कुंडी भिंतीच्या सावलीत सरकवा. सकाळचं ऊन मिळालं तरी पुरे.

पाण्याचं गणित असं. वाढीच्या काळात वरची दोन इंच माती सुकली की खालून पाणी बाहेर येईपर्यंत भरपूर द्यायचं. उन्हाळ्यात लहान कुंडीला हे रोज लागू शकतं. पाणी पहाटे किंवा रात्री द्या, दुपारी नळाला येतं ते गरम पाणी घालू नका. थंडीत पानं गळाली की पाणी जवळजवळ बंद, पंधरा-वीस दिवसांनी एकदा पुरे. झाड मेलं असं समजून अनेक जण डिसेंबरमध्ये चाफा टाकून देतात, नाहीतर काळजीने रोज पाणी घालून कुजवतात. तो झोपलेला असतो. मार्चमध्ये उठतो.

जास्तीचं पाणी काय करतं ते आपण सगळ्यांनी १६ एप्रिल २०२४ ला पाहिलं. दुबई विमानतळावर एका दिवसात सुमारे १४२ मिलीमीटर पाऊस पडला, म्हणजे तिथे एरवी वर्षभरात पडतो त्याच्या जवळपास दीडपट. असा पाऊस पुन्हा आला तर आधी ताटल्या काढा आणि कुंड्या आडव्या करा, म्हणजे पाणी आत साचणार नाही. चाफा दोन महिने पाण्यावाचून काढेल, पण दोन आठवडे चिखलात काढणार नाही.

खत मार्च ते सप्टेंबर द्या. महिन्यातून एकदा मूठभर गांडूळखत किंवा जुनं शेणखत पुरे. ऑक्टोबरला बंद. नत्र जास्त झालं की पानं हातभर होतात आणि फूल एक येत नाही. फुलांचा तुरा फांदीच्या टोकाला येतो आणि फुलून झाल्यावर तिथून दोन-तीन नव्या फांद्या फुटतात. म्हणजे आज एक टोक, पुढच्या वर्षी तीन. छाटणी करायची तर फेब्रुवारीतच करा, आणि छाटलेलं फेकू नका, ती नवी झाडं आहेत.

कीड म्हणाल तर दोन शत्रू. एक पिठ्या ढेकूण, पांढऱ्या कापसासारखा, पानाच्या देठाशी बसतो. दुसरा लाल कोळी, कोरड्या हवेत पानाच्या मागे बारीक जाळी करतो. दोन्हींसाठी आधी पाण्याचा जोरदार फवारा, मग साबणाचं पातळ पाणी. कडुनिंबाचं तेल मारायचं तर संध्याकाळी, उन्हात मारलं तर पान भाजतं. पानाच्या मागे नारिंगी भुकटी दिसली तर तो तांबेरा, ती पानं काढून पिशवीत बांधून टाका. आणि धुळीचं वादळ येऊन गेलं की पानं धुवा.

आता सुट्टी. शाळा जुलैच्या सुरुवातीला बंद होतात आणि ऑगस्टअखेर उघडतात. आपण पुणे, सांगली, रत्नागिरीला, आणि बाल्कनीतली तुळस बिचारी वाळून काडी झालेली. तुळस, मोगरा कोणाकडे तरी ठेवावेच लागतात. चाफा मात्र खोडात पाणी साठवतो. जायच्या आदल्या दिवशी भरपूर पाणी द्या, कुंडी पूर्ण सावलीत ठेवा, मातीवर नारळाच्या शेंड्यांचा थर द्या. बाजूला पाण्याने भरलेली बादली थोडी उंचावर ठेवून त्यातून सुती दोरीचं एक टोक कुंडीच्या मातीत खोचा. पानं गळतील, पण मोठं, दोन-तीन वर्षांचं झाड बहुधा टिकेल. यंदा लावलेली फांदी मात्र कोणाच्या तरी ताब्यात द्या.

एक निसर्गाची गोष्ट सांगतो, मुलांना सांगायला छान आहे. चाफ्याचा वास रात्री जास्त येतो, तो मोठ्या निशाचर पतंगांना बोलावण्यासाठी. पतंग मधाच्या आशेने फुलाफुलांवर फिरतो आणि परागकण इकडून तिकडे नेतो. पण चाफ्यात मध नसतोच. नुसत्या वासावर काम करून घेतो. आमच्या क्षेत्रात याला मार्केटिंग म्हणतात.

आता आमच्या बिल्डिंगबद्दल. आमची बिल्डिंग जुनी आहे, आणि मालकाला ती पाडून नवी बांधायची आहे. गेल्या नोव्हेंबरात आम्हाला घर रिकामं करायची नोटीस आली. दुबईच्या कायद्याप्रमाणे अशा कारणासाठी १२ महिने आधी रीतसर नोटीस द्यावी लागते, ती दिली. कायद्याने सगळं बरोबर आहे. तक्रार करावी असं काही नाही. पण बिल्डिंगच्या मागे, पार्किंगच्या कोपऱ्यात एक पांढरा चाफा आहे. आता तो पहिल्या मजल्याच्या खिडकीला लागलाय. कोणी लावला ते कोणालाच माहीत नाही. आमचा नातूर केरळचा आहे. तो म्हणतो, मी अठरा वर्षांपूर्वी आलो तेव्हा हे झाड माझ्या खांद्याएवढं होतं. इतकी वर्षं तळमजल्यावरच्या एसींचं पाणी बादलीत भरून तोच त्याला घालतो. सांगलीच्या एका काकू बावीस वर्षं इथे राहून गेल्या वर्षी परत गेल्या, त्यांची रोजची पूजा याच फुलांवर चालायची. रोज सकाळी खाली पडलेली फुलं वेचायच्या, झाडावरचं कधी तोडलं नाही.

झाड अख्खं हलवता येतं का, हे आम्ही विचारून पाहिलं. चाफ्याची मोठी झाडं हलवता येतात, ट्रकवर घालून नेतात आणि ती जगतातही. पण त्यासाठी क्रेन लागते आणि मुख्य म्हणजे दुसरीकडे जमीन लागते. भाड्याने राहणाऱ्या माणसांकडे कुंडी असते, जमीन नसते. ते जमलं नाही.

मग आम्ही सात घरांनी ठरवलं की फांद्या घ्यायच्या. बिल्डिंगच्या ऑफिसला रीतसर विचारलं, त्यांनी होकार दिला. येत्या आठवड्यात २४ फांद्या कापणार. माझं काम कंपन्यांचा डेटा सांभाळायचं आहे. तिथे बॅकअपचा एक जुना नियम आहे: तीन प्रती, दोन वेगवेगळ्या माध्यमांवर आणि एक प्रत इमारतीच्या बाहेर. तोच नियम आम्ही लावलाय. प्रत्येक घराला दोन, म्हणजे १४. उरलेल्या १० बिल्डिंगच्या बाहेर द्यायच्या, शारजाला, अजमानला, आणि कोणाच्या व्हिलात जमीन असेल तर तिथे मातीत. कारण आम्ही सातजणही नोव्हेंबरनंतर कुठे असू हे सांगता येत नाही. कोणी अल नाहदाला जाईल, कोणी पुण्याला.

इथे अनेक जण विचारतात, परत जाताना फांदी बॅगेत टाकून भारतात नेऊ का? नेऊ नका. भारताच्या २००३ च्या वनस्पती क्वारंटाइन आदेशाप्रमाणे बाहेरून रोप किंवा फांदी आणायला परवाना आणि आरोग्य प्रमाणपत्र लागतं. इकडे आणतानाही असेच नियम आहेत. ते उगीच नाहीत, फांदीबरोबर कीड आणि रोग प्रवास करतात. आणि गावी चाफा आहेच की. इथला चाफा इथे कोणाच्या तरी हातात द्यायचा.

आपल्याकडे एक विचार असतो. व्हिसा दोन वर्षांचा, घराचा करार एक वर्षाचा, मग झाड कशाला लावायचं? मला वाटतं, चाफा हे अशाच माणसांचं झाड आहे. त्याला फांदीपुरती जागा लागते, मुळांवाचून पंधरा दिवस राहता येतं, आणि एकाने सोडला तर दुसऱ्याकडे तो तसाच फुलतो. आमच्या मागचा चाफा ज्याने लावला तो आज कुठे आहे माहीत नाही, पण बावीस वर्षं एका घरातली पूजा त्याने चालवली.

नातूरला मी विचारलं, तुमच्यासाठी एक फांदी ठेवू का? नोव्हेंबरनंतर त्याची खोलीही जाणार, पुढे कुठे नेमणूक होते ते ठरलेलं नाही. तो म्हणाला, मला नको, ठेवणार कुठे. फूल आलं की फोटो पाठवा.

तर त्या १० फांद्यांपैकी ज्यांना हवी आहे त्यांनी कार्यक्रमाकडे नाव कळवा. अटी तीनच. घरात सहा तास ऊन येणारी एक जागा हवी. फांदी पंधरा दिवस सुकवायचा धीर हवा. आणि दुबई सोडताना झाड कचऱ्यात न टाकता पुढच्या माणसाच्या हातात द्यायचं, त्याला ही सगळी माहिती सांगून. फांद्या मार्चच्या पहिल्या शुक्रवारी संध्याकाळी मिळतील. येताना जुनं वर्तमानपत्र आणा, चीक कपड्यांना लागला तर डाग जात नाही.